मियावाकी पॅकेज घ्यावे का? घ्या, पण पैसे मातीत घाला

सोसायटीच्या मागच्या बाजूला शंभर चौरस मीटर जागा रिकामी आहे, तिथे मियावाकी पद्धतीचे घनवन, म्हणजे थोड्या जागेत दाट लावलेले देशी झाडांचे रान, करायचे आहे, असे पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही लँडस्केप कंत्राटदाराला सांगा. लगेच कोटेशन येते. त्यात ३०० ते ५०० रोपे, चाळीस-पन्नास ‘देशी’ प्रजाती, ‘माती सुधारणा’ असा एक ओळीचा मजकूर, दोन किंवा तीन वर्षांची देखभाल, ९० टक्के जगण्याची हमी आणि उद्‌घाटनाची पाटी एवढे असते. हे परीक्षण त्या पॅकेजचे आहे, एखाद्या फर्मचे नाही. कोटेशने बहुतेक एकमेकांची नक्कल केल्यासारखीच असतात. फरक पडतो तो खड्ड्याच्या खोलीत, आणि खड्डा बुजल्यावर खोली कोणालाच दिसत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. मुंबई-ठाणे-कोकणपट्टीत, खऱ्या जमिनीवर, किमान चार मीटर रुंद जागा असेल तर पॅकेज घेण्यासारखे आहे. पुणे, नाशिक, संभाजीनगरकडे सपाट भूखंडावर ते चालते, पण दोन उन्हाळ्यांचे पाणी आधी हातात हवे. टेकडीवर, माळावर आणि पार्किंगच्या छतावरच्या पोडियमवर ते घेऊ नये, कंत्राटदार कितीही भला असला तरी.

पद्धत मुळात जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) यांची. शिंतो देवळांभोवती राखलेल्या जुन्या राया, म्हणजे आपल्या देवरायांच्याच चुलत बहिणी, पाहून त्यांनी एक प्रश्न धरला: माणसाने हात लावला नसता तर या जागी कोणते रान उभे राहिले असते? तेच रान दाट लावायचे आणि दोन-तीन वर्षांनी त्यातून बाजूला व्हायचे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला निप्पॉन स्टीलच्या ओइता कारखान्याभोवती त्यांनी हे मोठ्या प्रमाणावर केले. २००६ मध्ये त्यांना ब्लू प्लॅनेट पुरस्कार मिळाला. भारतात ही पद्धत टोयोटाच्या बंगळूरजवळच्या कारखान्यातून आली. तिथले अभियंते शुभेंदु शर्मा यांनी २०११ मध्ये ‘अफॉरेस्ट’ ही कंपनी काढली आणि जंगल लावणे ही मोजून-मापून विकता येणारी सेवा झाली. मुंबई महापालिका २०२० पासून अशी वने लावते आहे.

आता जाहिरातीतले आकडे. ‘तीसपट दाट’ हा आकडा खरा आहे, पण त्यात निसर्गाची काही करामत नाही. नेहमीच्या वनीकरणात रोपे ३ × ३ मीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी सुमारे ११००. मियावाकीत चौरस मीटरला तीन लावली की हेक्टरी ३०,००० होतात. भागाकार केला की सत्तावीस येतात. आपण जास्त रोपे लावली म्हणून जास्त दाट झाले, एवढाच त्याचा अर्थ. ‘दहापट वेगाने वाढ’ हा दावा कशाच्या तुलनेत, ते कोटेशनमध्ये कधीच लिहिलेले नसते. भुसभुशीत, खत घातलेल्या मातीत, रोज पाणी आणि शेजाऱ्यांशी उजेडासाठी चढाओढ असेल तर कुठलेही रोप उंच पळते. ती उंची असते, जाडी नसते. आणि ‘ऑक्सिजन पार्क’ हे नाव पाटीवर असेल तर त्यापायी एक रुपयाही जास्त देऊ नका.

दर सांगण्याच्या पद्धतीवरूनच कंत्राटदार ओळखता येतो. ‘प्रति झाड’ दर देणारा चौरस मीटरला पाच रोपे कोंबणार, कारण त्याचे बिल रोपांवर चालते. चौरस मीटरला तीन पुरेत, म्हणजे दोन रोपांत साधारण दोन फूट अंतर. शंभर चौरस मीटरमध्ये तीनशेच्या वरची दोनशे रोपे पहिल्या दोन वर्षांत एकमेकांना मारण्यासाठीच लावली जातात. दर ‘प्रति चौरस मीटर’ मागा, आणि त्यात खोदाई, माती, खत, रोपे, काठ्या, आच्छादन, पाणी व देखभाल वेगवेगळे लिहून घ्या. ज्या कोटेशनमध्ये रोपांचा खर्च मातीच्या कामापेक्षा जास्त दिसतो, ते बाजूला ठेवायला हरकत नाही.

माती: सगळा व्यवहार इथे आहे

पद्धत सांगते एक मीटर खोल. शंभर चौरस मीटरला शंभर घनमीटर, आपल्या भाषेत सुमारे ३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). खोदल्यावर माती फुगते, म्हणून ढीग त्याहून मोठा दिसतो. प्रत्यक्षात काय होते? जेसीबी एक दिवस येतो, वरची फूटभर माती उलथीपालथी करतो, वर खत पसरतो आणि जातो. महिन्यानंतर मीटरभर खोदलेली आणि फूटभर उलटलेली, दोन्ही जागा डोळ्यांना सारख्याच दिसतात. तपासायची युक्ती साधी आहे: १२ मिलिमीटरची लोखंडी सळई घ्या आणि लागवडीच्या आधी दहा-बारा ठिकाणी हाताने दाबा. काम झाले असेल तर ती ७५-८० सेंटीमीटर सहज जाते. फूटभरात अडली तर पैसे अडवा. खड्डा उघडा असताना त्यात टेप धरून काढलेले फोटोही करारात मागून ठेवा.

मात्र एक मीटर हा आकडा आपल्याकडे डोळे झाकून लावण्यातही धोका आहे. पुण्याच्या कितीतरी भागात दोन-तीन फुटांवर कडक मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. तिथे एक मीटर खोदणे म्हणजे दगडात हौद कोरणे. जुलैत त्यात पाणी भरते, भुसभुशीत मातीचा चिखल होतो आणि ऑगस्टमध्ये रोपे पिवळी पडून मरतात. मग माळी म्हणतो, ‘पाणी कमी पडलं,’ आणि आणखी पाणी घालतो. खोदण्यापूर्वी चाचणी करा: फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात पाणी भरून एकदा जिरू द्यायचे, दुसऱ्यांदा भरून पट्टीने मोजायचे. तासाला एक सेंटीमीटरही उतरत नसेल तर दोनच मार्ग आहेत. जागेला उतार असेल तर तळाशी ११० मिलिमीटरचा छिद्रांचा पीव्हीसी पाईप, भोवती खडी, त्यावर जिओटेक्स्टाईल (माती अडवून पाणी जाऊ देणारे कापड), आणि शंभराला एक असा ढाळ देऊन पावसाळी पाण्याच्या चेंबरला जोड. उतार नसेल तर दीड फूट खोदा आणि दीड-दोन फूट वर उचलून गादीवाफ्यासारखा उंचवटा करा. उंचवट्यावर लागवड ही काही तडजोड नव्हे, खुद्द मियावाकीही उंचवटे करूनच लावत.

काळी माती असेल तर वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल निघून गेल्याशिवाय, जेसीबी आत घालू देऊ नका. ओल्या काळ्या मातीवर एकदा यंत्र फिरले की तिचे ढेकूळ वर्षभर फुटत नाही. यंत्र नेहमी एका टोकाकडून मागे सरकत काम करत यावे, तयार केलेल्या भागावर परत चढू नये. वरची २० सेंटीमीटर माती वेगळी काढून ठेवावी आणि शेवटी वरच टाकावी. जीव तिच्यात असतो, आणि घाईच्या कामात नेमकी तीच तळाशी जाते.

नव्या सोसायट्यांची खरी अडचण राडारोड्याची असते. बांधकामाचे सिमेंट, चुना, टाइल्सचे तुकडे बागेच्या जागेतच पुरलेले असतात आणि वर लाल मातीची चादर. अशा मातीचा सामू (पीएच) साडेआठच्या वर जातो, लोह उचलता येत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. कृषी महाविद्यालय किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेकडून सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब तपासून घ्या. सामू फार चढा आला तर सुधारण्यापेक्षा तो थर उचलून नेणे स्वस्त पडते.

आता मिश्रण. चार गोष्टी लागतात: हवा खेळवणारे, पाणी धरणारे, पोसणारे आणि वरून झाकणारे. आपल्याकडे त्याचे सरळ रूप असे: भाताचा तूस चौरस मीटरला ३-४ किलो, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३-४ किलो, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत ८-१० किलो. शंभर चौरस मीटरला शेणखत एक टनाच्या आसपास, आणि कोकोपीटच्या पाच किलोच्या विटा ६० ते ८०. सांगलीकडे किंवा नगरकडे असाल तर कोकोपीटऐवजी जुनी, कुजलेली उसाची मळी-चिपाडे चालतात. लांबून ट्रकने माल आणून ‘पर्यावरणपूरक’ म्हणण्यात तसा अर्थ नाही.

इथे तीन घोटाळे नेहमीचे. पहिला, अर्धकच्चे शेणखत. ढिगात हात खुपसला आणि गरम लागला, किंवा शेणाचा वास आला, की परत पाठवा. त्यातून हुमणी येते. ‘सी’च्या आकाराच्या त्या पांढऱ्या अळ्या मुळे खातात आणि रोप हलकेच ओढले तर उपटून हातात येते. दुसरा, तुसाऐवजी सॉ मिलचा लाकडाचा भुसा. तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि सगळी लागवड तीन महिन्यांत फिकट होते. तिसरा, न धुतलेले कोकोपीट. विटा भिजवून पहिले पाणी फेकून द्यायला हवे, नाहीतर त्यातले मीठ मुळांना भाजते. जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसनाचे आंबवलेले द्रावण, पॅकेजमध्ये असेल तर असू द्या, महिन्यातून एकदा दिल्याने बिघडत नाही. पण त्यासाठी वेगळे घसघशीत पैसे मागत असतील तर ते बेसन-गुळाचे नाहीत, शब्दाचे आहेत.

रोपे आणि यादीतली चलाखी

‘पन्नास देशी प्रजाती’ ही ओळ वाचून खूश होऊ नका, यादी मागा, मराठी आणि शास्त्रीय दोन्ही नावांनी. पेरू, सीताफळ, गुलमोहर, रेन ट्री, टॅबेबुया, सोनमोहोर, फायकसचे शोभेचे प्रकार हे देशी म्हणून भरलेले असतात. पेरू आणि सीताफळ दोन्ही अमेरिकेतून आलेली. चिंचेबद्दल भांडत बसू नका, ती बाहेरची असली तरी शतकानुशतके इथलीच झाली आहे. पण घनवनात तिला जागा देण्याचे कारणही नाही.

नर्सरीत अदलाबदल होते ती ठरलेली. सीता अशोक मागितला तर सरळसोट वाढणारा खोटा अशोक येतो. आपटा मागितला तर कांचन येतो, दसऱ्याला फसतात तसेच. कळंब आणि कदंब एकमेकांच्या नावावर खपतात. रोपे उतरवून घेताना वनस्पती ओळखणारा माणूस एक तास हजर असला तरी पुरे. पिशवीतले रोप ६० ते ८० सेंटीमीटर उंच हवे. त्याहून उंच, दोन वर्षे पिशवीत राहिलेले रोप मोठे दिसते म्हणून घेऊ नका. दहा-बारा पिशव्या फाडून पाहा. मुळांनी तळाशी वेटोळे घातले असेल तर ते झाड जमिनीतही स्वतःभोवतीच फिरत राहते आणि चार-पाच वर्षांनी वाऱ्यात आडवे होते. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका आधी पाहाव्यात. तिथे निवड कमी, पण रोप बहुधा वयाने योग्य असते.

पुण्याकडच्या कोरड्या हवेला बहावा, वारस, मेडशिंगी, शिवण, भोकर, बेल, आवळा, आपटा, करंज, कडुनिंब, वावळ, पुत्रंजीवा, काटेसावर, पांगारा. खालच्या थराला अडुळसा, निरगुडी, करवंद, मुरुडशेंग, धायटी, कुडा, लोखंडी. मुंबई-कोकणात जांभूळ, बकुळ, ताम्हण, सीता अशोक, सुरंगी, कोकम, सातवीण, अर्जुन. खाडीजवळच्या खारट जमिनीत उंडी, पारोसा भेंड, करंज, समुद्रफळ. खाजण किंवा कांदळवनाच्या काठची चिखलाची जागा ‘रिकामी’ समजून तिथे घनवन घालू पाहणारा कंत्राटदार मिळाला तर नमस्कार करून निरोप द्या.

कुठलीही एक प्रजाती एकूण रोपांच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नका. पॅकेज सर्वात जास्त फसते ते इथे. करंज, अर्जुन, पांगारा, कडुनिंब नर्सरीत स्वस्त आणि मुबलक असतात, म्हणून यादीत पन्नास नावे असली तरी तीनशेपैकी दोनशे रोपे याच चार-पाच जातींची भरतात. ही झाडे पळतात, दीड वर्षात वरचा उजेड बंद करतात आणि खालची हळू वाढणारी मंडळी संपतात. पळस, सालई, अंजन यांना तर मुळातच उघडे ऊन लागते. त्यांना या गर्दीत लावणे म्हणजे पैसे देऊन मारणे. वड, पिंपळ, उंबर कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी आणि ड्रेनेज चेंबर यांच्यापासून दूर ठेवा. नाहीतर काही वर्षांनी भिंतीच्या दुरुस्तीचे कोटेशनही मागावे लागेल.

काठी आणि सुतळी क्षुल्लक वाटते, पण भुसभुशीत मातीत रोपाला आधार नसतो. प्रत्येकाला बांबूची काठी, तागाच्या सुतळीने सैल इंग्रजी आठासारखा फास. प्लास्टिकची दोरी वापरली तर ती खोडात रुतते आणि नंतर कोणी सोडायला येत नाही. वर १५ ते २० सेंटीमीटर आच्छादन: उसाचे पाचट, भाताचा पेंढा, वाळका पाला. शंभर चौरस मीटरला ते पंधरा-वीस घनमीटर लागते, एक टेम्पोभर नव्हे. ते खुंट्या ठोकून दोरीने आडवे-उभे बांधावे, नाहीतर वाऱ्याने एका कोपऱ्यात जमते. खोडाला चिकटवून टाकू नये, चार बोटे मोकळी सोडावी. नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते.

पाणी आणि वेळ

लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर, जून अखेर ते जुलै. हे प्रत्येक माळ्याला ठाऊक असते, तरी घनवनांची उद्‌घाटने फेब्रुवारी-मार्चमध्ये का दिसतात? कारण सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी बाजूला काढलेला, पैसा मार्चअखेर खर्ची पडावा लागतो. वहीच्या सोयीने लावलेले रोप पहिल्याच आठवड्यात चाळीस अंशांकडे चाललेल्या उन्हाला सामोरे जाते. पैसे मार्चमध्येच खर्चायचे असतील तर खोदाई आणि मातीचे काम तेव्हा उरका, खत मुरू द्या, आणि रोपे पावसात लावा. बिल दोन टप्प्यांत काढता येते.

चौरस मीटरला दिवसाला पाच लिटर धरा. शंभर चौरस मीटरला ५०० लिटर. जपानात पाऊस वर्षभर विभागून पडतो. पुण्यात तो चार महिन्यांत आटोपतो, म्हणजे उरलेले २४० दिवस × ५०० = १,२०,००० लिटर. दहा हजार लिटरचे बारा टँकर, एका वर्षाला, आणि असे किमान दोन वर्षे. आच्छादन चांगले असेल तर थंडीत दिवसाआड देऊन बरेच पाणी वाचते. पण कोटेशनमध्ये ‘पाणी सोसायटीचे’ अशी बारीक ओळ असेल तर हा हिशेब सर्वसाधारण सभेत आधी मांडा. घनवनासाठी बोअर मारायचा विचार असेल तर थांबा. भूजल उपसून भूजल वाढवण्याच्या गोष्टी करणे शोभत नाही.

सोसायटीच्या एसटीपीचे, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचे, पाणी हा खरा उपाय. मात्र क्लोरीन घालण्याच्या आधी नळ घ्या, किंवा साठवून एक दिवस उघडे ठेवा. पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅम) ४५० पर्यंत असेल तर निर्धास्त. २०००च्या वर गेला तर झाडांना ते देऊ नये. मधल्या पट्ट्यात चालते, पण पावसाळ्यात माती धुऊन निघेल अशी निचऱ्याची सोय हवी.

नळी की ठिबक, यावर मतभेद आहेत. नळीने शॉवर देणारा माळी प्रत्येक रोप पाहतो, हा मोठा फायदा. पण माळी सुट्टीवर गेला की सगळे थांबते. ठिबक घ्यायचे तर १६ मिलिमीटरची इनलाइन नळी, ४० सेंटीमीटरवर दोन लिटर ताशी ड्रीपर, ओळींत अर्धा मीटर. चौरस मीटरला पाच ड्रीपर पडतात, अर्ध्या तासात पाच लिटर. शंभर चौरस मीटरला नळी २०० मीटर, प्रवाह ताशी हजार लिटर. एसटीपीच्या पाण्याला डिस्क फिल्टर लागतोच, आणि पंधरा दिवसांनी टोकाच्या टोप्या उघडून नळ्या वाहू द्यायच्या, नाहीतर शेवाळाने ड्रीपर बसतात. पाचटाखाली गळती दिसत नाही आणि उंदीर नळ्या कुरतडतात, म्हणून महिन्यातून एकदा पाचट उचलून पाहायला हवे.

देखभालीत मुख्य काम तण. पहिल्या वर्षी पंधरा दिवसांनी, दुसऱ्या वर्षी महिन्याने. गाजरगवत फुलायच्या आत मुळासकट उपटायचे. घाणेरी, सुबाभळीची रोपे आणि रानमोडी दिसताक्षणी काढायची. उपटलेले गाजरगवत बिया नसतील तर तिथेच आच्छादनात टाका. छाटणी नाही, पालापाचोळा झाडणे नाही. इथे हाउसकीपिंगच्या माणसांना वेगळे सांगावे लागते, कारण स्वच्छ दिसावे म्हणून ते रोज सकाळी जंगलाचे खत झाडून कचऱ्यात टाकतात. मार्च ते मे हा पाला पेटाऊ असतो. भोवती मीटरभर मोकळी वाट आणि जवळ एक नळ असावा. सापांची भीती सभेत हमखास निघते. साप येतो उंदरामागे आणि उंदीर येतो खरकट्यामागे, तेव्हा ओल्या कचऱ्याचे डबे तिथून हलवा.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी आणि निंदणी थांबवता आली पाहिजे. ती थांबवता येत नसेल तर रान झाले नाही, खर्चिक बाग झाली. पैसे देण्याचे टप्पेही त्याला धरून ठेवा: मातीचे काम तपासून ४० टक्के, लागवडीनंतर ३०, आणि उरलेले ३० दुसरा उन्हाळा पार पडल्यावर. ‘९० टक्के जगण्याची हमी’ मोजायची कशी, तेही लिहून घ्या. जागेचे २ × २ मीटरचे चौकोन पाडून चार-पाच चौकोनांतली रोपे प्रजातीनुसार मोजायची. मेलेल्या रोपाच्या जागी कुठलेही हिरवे रोप खुपसून आकडा भरणे फार सोपे आहे. मेलेला बकुळ आणि त्या जागी करंज, असा बदल मान्य नाही हे स्पष्ट असावे.

आणखी एक गोष्ट कोणतेच कोटेशन सांगत नाही. ही झाडे मोठी होणार आणि महाराष्ट्राचा १९७५चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा त्यांना लागू होणार. उद्या तिथे पंपहाउस किंवा केबलचा चर हवा झाला तर वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागेल. त्यामुळे अग्निशमन गाडीची वाट, जमिनीखालच्या टाक्या, गॅस आणि विजेच्या लाइन्स यांचा नकाशा आधी पसरा आणि मगच चुना मारा. याच कायद्यातल्या भरपाईच्या, म्हणजे तोडलेल्यांच्या बदल्यात लावायच्या, झाडांसाठी मियावाकी बिल्डरांना सोयीची पडते हेही समजून घ्या. शंभर चौरस मीटरमध्ये तीनशेचा आकडा भरतो. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका जुन्या वडाची सावली मात्र त्या आकड्यात कुठे बसत नाही.

जिथे नको

पोडियमवर नको, कारण साधे वजन. ओली माती घनमीटरला १८०० किलोच्या पुढे जाते. मीटरभर थर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर तेवढा भार, आणि खाली तुमच्या गाड्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिले नसेल तर विषयच काढू नये. अर्ध्या मीटर मातीवर जे होते ते कुंडीतले झुडूपवन, त्याला मियावाकीचा दर देऊ नका.

टेकड्या आणि माळ यांचा मुद्दा वेगळा आहे. दख्खनच्या पठारावर कमी पावसाच्या भागात मूळ रान दाट नव्हतेच. विरळ झाडे, मध्ये गवत, खडकात कंदीलपुष्पासारख्या वनस्पती, अशी ती रचना आहे. मियावाकींचा मूळ प्रश्न इथे प्रामाणिकपणे विचारला तर उत्तर ‘घनवन’ येत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी हिरवळ लवकर दिसावी म्हणून गिरिपुष्प लावले गेले. त्याच्याखाली काय उगवते ते कुणीही चढून पाहावे. तिथे यंत्राने मीटरभर खोदून माती उलथणे हे त्याहूनही मोठे नुकसान. टेकडीसाठी पैसे असतील तर वणव्याविरुद्ध जाळपट्टे, चराईपासून राखण आणि आक्रमक झुडपे काढणे यांवर खर्चावेत. यातल्या कशाचेही पॅकेज मिळत नाही, कारण उद्‌घाटनाच्या फोटोत ते दिसत नाही.

चार मीटरपेक्षा अरुंद पट्टी असेल, किंवा पाण्याची खात्री नसेल, तर त्याच शंभर चौरस मीटरला दुसरा बेत करा. दोन-दोन मीटरवर पंचवीस झाडे, प्रत्येकाला ६० × ६० × ६० सेंटीमीटरचा खड्डा, मधल्या जागेत अडुळसा, निरगुडी, करवंद आणि स्थानिक गवत. खोदाई ३५ ब्रासऐवजी जेमतेम दोन ब्रास. पाणी आठवड्यातून दोनदा, झाडामागे वीस लिटर, म्हणजे दिवसाला सरासरी दीडशे लिटरांच्या आत. उताराच्या बाजूला फूटभर खोल, दोन फूट रुंद चर काढून गच्चीच्या एका पन्हळीचे पाणी त्यात सोडा, आणि जास्तीचे पाणी बाहेर पडायला सांडवा ठेवा. पहिली तीन वर्षे हे उघडेबोडके दिसते, म्हणून कमिटीला आवडत नाही. कोटेशन मागताना या बेताचाही दर त्याच कागदावर मागा. जो कंत्राटदार तो न कुरकुरता देतो, त्याला मातीचे काम द्यायला हरकत नाही.